पॉइंट अंदाजानं बसवा: जुन्या गाडीचे जाणकार होऊ पाहणाऱ्यांसाठी

बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या फाट्यावर जुनी गाडी बॉनेट उघडून उभी राहिली, की पाच मिनिटांत तिच्याभोवती चार जाणकार जमतात. एक प्लग म्हणतो, दुसरा पेट्रोलमध्ये पाणी म्हणतो, तिसरा कार्बोरेटरकडे बोट दाखवतो आणि चौथा काहीच न बोलता मान हलवतो. चौथ्याचं सगळे ऐकतात. तुम्हाला तो चौथा व्हायचं आहे.

विद्या अवघड नाही. स्क्रू ड्रायव्हर एक, हात पुसायला फडकं एक आणि आवाजात खात्री. फट मोजायचं फिलर गेज लागत नाही. कुणी भेट दिलं असेल तर घरीच ठेवा. मोजणारा माणूस दिसला की लोकांना वाटतं, याला येत नसावं.

१. गाडी आधी कागदावर जुनी करा

नुसता खटारा असून भागत नाही. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापराची आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी असेल, तर ती विंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत दहा वर्षं. आणि नंबरात एमएचच्या पुढे बीडच्या २३ऐवजी ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. नियम लिहिणाऱ्यानं घरी जुनी गाडी पाळलेली असणार. पंपावर जाणं आणि मिस्त्रीकडे जाणं याखेरीज ती जाते कुठे?

वयाचं गणित पाठ ठेवा, फार उपयोगी पडतं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला वय झालं म्हणून रस्त्यावरून उतरली. आणि १९७४मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव लावून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पहिल्या गाड्या २०२४मध्ये पन्नाशीला येऊन विंटेज ठरायला पात्र झाल्या. विसाव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली तीस वर्षं गाडी बाभळीखाली लावायची, मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसू द्यायची आणि विचारणाऱ्याला “ठेवलीय मुद्दाम” असं सांगायचं.

वंशावळही थोडी वाढवा. बीड सप्टेंबर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं; तेव्हा दारातली कुठलीही जुनी गाडी निझामाच्या पदरी होती असं म्हणायला या जिल्ह्यात भरपूर वाव आहे. फक्त अ‍ॅम्बेसेडरच्या बाबतीत जपून. ती १९५७च्या आधी नव्हतीच, आणि फाट्यावर चहा पीत एखादा निवृत्त मास्तर बसलेला असतोच.

२. डिस्ट्रिब्युटर आहे का, एकदा बघून घ्या

पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडे कित्येक जीपांची आणि अ‍ॅम्बेसेडरांची पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेल चढवली गेली. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे डिस्ट्रिब्युटरही नसतो. अशा गाडीत वाकून “पॉइंट झिजलाय” म्हणून अर्धा तास बोललात, तर ते अगदीच वाया जातं असं नाही, पण गर्दी पातळ होते. शिवाय अशी गाडी विंटेजच्या नियमात बसायचीही पंचाईत. म्हणून आधी टोपी शोधा: काळी किंवा तपकिरी, वरून पाच जाड वायरी निघालेल्या. पाच दिसल्या की बोलायला मोकळे.

३. समजावून सांगायला शिका, समजून घ्यायची घाई नको

उदाहरण फाट्याचंच घ्या, सगळ्यांना पटतं. घाट उतरून बीड, एकीकडे नेकनूर-केज, खाली चौसाळा, दुसरीकडे पाटोदा. चौकात उभा असलेला माणूस हात करून एकेका रस्त्याला सोडतो. डिस्ट्रिब्युटर हाच माणूस. मधला रोटर फिरतो आणि टोपीतल्या चार टोकांना पाळीपाळीनं करंट देतो. पाळी एक, तीन, चार, दोन. इंजिनचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक होतो. क्रँक मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट १,५०० घेतो आणि चार सिलिंडरांना मिळून मिनिटाला ६,००० ठिणग्या जातात. सेकंदाला शंभर. हा आकडा हळू आवाजात सांगा.

खाली चार उंचवट्यांचा कॅम असतो. एकेक उंचवटा पॉइंट उघडतो. पॉइंट उघडला त्या क्षणी कॉइलचा प्रवाह तुटतो आणि पलीकडे हजारो व्होल्टची ठिणगी उडते. म्हणजे ठिणगी कधी पडायची, हे त्या उघडण्याच्या वेळेवर ठरतं. इथे एका अंशाची चूक झाली की क्रँकवर दोन अंशांची होते. हे शेवटचं वाक्य मात्र गाळा. ऐकणारा लगेच विचारतो, “मग मोजायचं कशानं?”

४. पॉइंट बसवा

आता हात काळे करायची वेळ. अ‍ॅम्बेसेडर मार्क टूच्या १,४८९ सीसी इंजिनावर ल्युकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर असतो. पुस्तकात त्याच्या पॉइंटची फट १४ ते १६ थाऊ दिली आहे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये ०.३५ ते ०.४०. कंपनीनं तुम्हाला चुकायला एवढीच जागा ठेवली आहे: ०.०५ मिलिमीटर. परदेशी कंपन्यांचा स्वभाव मुळातच संशयी.

फट मोजायची देशी साधनं अशी. दाढीचं ब्लेड ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं. चार ब्लेडं एकावर एक ठेवली की ०.४. ही रीत जवळपास बरोबर आहे, त्यामुळे तिला प्रतिष्ठा नाही. हॅकसॉचं पातं जास्त चालतं. ते ०.६ मिलिमीटरच्याही पुढचं, म्हणजे दीडपट फट. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे सरकतं, बंद राहण्याचा वेळ घटल्यानं कॉइल पुरती भरत नाही आणि वेगात गाडी मिसिंग करते. पण जागेवर सुरू होते. सुरू झाली की लोक “वा!” म्हणतात, आणि मिसिंग पुढे चौसाळ्याच्या आसपास होतं, तिथे तुम्ही नसता.

सगळ्यांत लोकप्रिय साधन लग्नपत्रिका. ग्लोव्ह बॉक्समध्ये दोन-चार सापडतातच. एवढं लक्षात असू द्या, की फट यजमानाच्या ऐपतीप्रमाणे बदलते. साखर कारखान्याच्या संचालकाच्या घरची पत्रिका वापरलीत तर हॅकसॉपेक्षाही मोठी फट येईल. सामुदायिक विवाहाची पत्रिका बरी.

आता एक आनंदाची बातमी. जुन्या पॉइंटवर फिलर गेजसुद्धा खोटं बोलतं. ठिणगीबरोबर एका बाजूचा धातू सुटून दुसऱ्या बाजूला जमतो. इकडे खड्डा, तिकडे टेंगूळ. गेजची पट्टी टेंगळावर टेकते आणि खरी फट खड्ड्यासकट त्याहून मोठी असते. म्हणजे मोजणाराही फसतोच. मग न मोजता फसलेलं काय वाईट? या खड्ड्यामागे बहुतेक वेळा कंडेन्सर असतो, पण तुम्ही तिकडे जाऊ नका. पॉलिश पेपर मागवा, दोन्ही टोकं खसाखसा घासा, बारीक खर आतच राहू द्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणं येतं.

आणखी एक झीज सांगून ठेवतो. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून घासून बसते, तशी फट कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. टोकं जळाली की फट वाढते, टाच झिजली की घटते. “दोघी एकमेकींना सांभाळून घेतात,” असं म्हणायची पद्धत आहे. ऐकायला कुटुंबवत्सल वाटतं. दोघींचा वेग सारखा असता तर खरंही झालं असतं.

५. शाफ्ट कधीही हलवून पाहू नका

हा या मार्गदर्शिकेतला सगळ्यांत महत्त्वाचा नियम. इथं चुकलात तर सगळी कारकीर्द गेली.

टोपी काढायची, रोटर चिमटीत धरायचा आणि आडवा हलवायचा. दहा सेकंदांचं काम. शाफ्ट बोटाला डगडगताना जाणवला, की तो ज्यात फिरतो तो बुश गेला. आता बघा काय होतं. पॉइंटची पट्टी स्प्रिंगच्या जोरावर कॅमला सतत एकाच बाजूनं रेटत असते. वर्षानुवर्षं शाफ्ट त्याच अंगाला दाबला जातो आणि गोल बुश लंबगोल होतो. गाडी बंद असताना तुम्ही पंधरा थाऊ फट लावता. ती शाफ्ट त्या घडीला कुठं टेकला होता याची फक्त नोंद असते. इंजिन फिरू लागलं की शाफ्टही त्या मोकळ्या जागेत फिरतो. एका उंचवट्याला फट बारा, दुसऱ्याला अठरा. चार सिलिंडर आणि चौघांची चार टायमिंगं.

या एका गोष्टीमुळे बाकीची सगळी दुरुस्ती निरर्थक होते. ढिल्या शाफ्टवर नवा पॉइंट, नवा कंडेन्सर, नवे प्लग, नवी कॉइल काहीही बसवा. पण म्हणूनच तर ती सगळी बसवता येतात! रोटर हलवून पाहणारा माणूस या धंद्यात चार वर्षांचं काम दहा सेकंदांत संपवतो. आणि पुढे जे उरतं ते इतकं नीरस आहे: डिस्ट्रिब्युटर खोलायचा, लेथवाल्याकडून बुश काढून घ्यायचा, नवा सच्छिद्र ब्रॉन्झचा बुश बसवण्याआधी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवायचा, शाफ्टच झिजला असेल तर त्याचंही बघायचं. चोवीस तास तेलात बुडालेल्या बुशाभोवती गर्दी जमत नाही. कुणी चहा पाजत नाही.

एखाद्या उत्साही पुतण्यानं ऑनलाइन ड्वेल मीटर मागवला असेल तर घाबरू नका. पॉइंट मिटलेला असताना कॅम किती अंश फिरतो, ते हा मीटर सांगतो. या डिस्ट्रिब्युटरला ६० अंश हवेत, तीन इकडे-तिकडे चालतात. जागेवर ६० दाखवून रेस दिल्यावर काटा तेवढ्याहून जास्त हलला, तर शाफ्ट खेळतोय. तुम्ही सांगा, “चायनाचा मीटर आहे, बेटा.” टायमिंग लाइटखाली पुलीवरची खूण नाचू लागली, तर म्हणा, पट्टा ढिला आहे. पट्टा आवळून द्या. पट्टा आवळणं कधी वाया जात नाही, निदान डायनामोचं बेअरिंग विकणाऱ्याच्या दृष्टीनं.

इतकं करूनही मालकानं हट्टानं बुश बदलून आणलाच, तर अजून एक संधी आहे. शाफ्टच्या खालच्या टोकाला त्याला इंजिनशी जोडणारा डॉग असतो. त्याचे कंगोरे मुद्दाम मध्यापासून सरकवलेले, म्हणजे डिस्ट्रिब्युटर इंजिनात एकाच रीतीनं बसावा. पण डॉगची पिन ठोकून काढली आणि परत बसवताना डॉगच उलटा फिरला, की रोटर बरोब्बर समोरच्या सिलिंडरकडे तोंड करतो. ठिणगी चौथ्याला हवी तेव्हा पहिल्याला. गाडी सुरू होत नाही, झालीच तर कार्बोरेटरमधून भडका. तुम्ही हाताची घडी घालून म्हणा, “म्हटलं होतं ना, हात लावू नका.” लेथवाल्याकडे बघू नका, त्यालाही लेकरंबाळं आहेत.

६. स्प्रिंगा जुळवून घ्या

पॉइंटच्या प्लेटखाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, कॅम थोडा पुढे सरकतो आणि ठिणगी लवकर पडते. दोन्ही स्प्रिंगा सारख्या नसतात. एक पातळ, ती आधी ताणते. दुसरी जाड आणि जागेवर चक्क सैल, कारण ती वरच्या वेगातच कामाला यायची असते. नवशिक्याला ही सैल स्प्रिंग दिसली की त्याचा जीव कळवळतो. मग तो ती कापून घट्ट करतो, किंवा दोन्ही काढून बॉलपेनच्या दोन सारख्या स्प्रिंगा घालतो. दिसायला जोडी छान दिसते. कापलेल्या स्प्रिंगनं टायमिंग मागेच अडकतं; पेनच्या मऊ स्प्रिंगांनी ते खालच्या वेगातच पुढे पळतं आणि चढावर इंजिन नॉक करू लागतं. वजनांच्या पिनांची भोकं मोठी झाली असतील तर त्यात आणखी गंमत. तीही बघू नका.

७. व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून ओढा

ही चाचणी खरी आहे. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या व्हॅक्यूमच्या डबीतला पडदा शाबूत असेल तर पॉइंटची प्लेट सरकते आणि जिभेनं नळी दाबली तर तशीच राहते. फाटलेला असेल तर नुसती हवा येते. काहीही झालं तरी थुंका आणि “पेट्रोलमध्ये भेसळ आहे” म्हणा.

८. तेल एकतर देऊ नका, नाहीतर ओता

पुस्तक म्हणतं, रोटर काढून मधल्या स्क्रूवर दोन-तीन थेंब, कॅमला बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस. घराघरांत याची दोन भाषांतरं झाली आहेत. आजोबांनी कधी दिलं नाही, म्हणून तीस वर्षं थेंब नाही. बुश सुकून गेला. मग नातवानं एकदाच अर्धी बाटली ओतली; ते तेल पॉइंटवर चढलं, टोकं काळी पडली, ठिणगी गेली. दोन पिढ्यांमध्ये तेलाची सरासरी अगदी बरोबर आहे.

९. चाचणी घाटात घ्या

सपाटीवर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढताना खरं काय ते कळतं. टायमिंग मागे पडलं असेल तर गाडी ओढत नाही, गरम होते, दुसऱ्या गिअरवरून वर जायला तयार नसते. पुढे गेलं असेल तर चढावर बॉनेटखालून टकटक ऐकू येते. बुश ढिला असेल तर दोन्ही अनुभव एकाच चढावर, आळीपाळीनं.

दोष कुणाला द्यायचा, हे घाटाच्या आधीच ठरवून ठेवा. सध्या इथेनॉलला मागणी आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर त्यानं खराब होतात, हे खरंच. पण त्यानं डिस्ट्रिब्युटरचा बुश लंबगोल होत नाही. तरी नाव घ्या, फक्त आवाज बेतानं. दर दिवाळीच्या आगेमागे ज्या जिल्ह्यातून कोयते घेऊन माणसं ऊसतोडीला निघतात, तिथं उसाच्या मालाला शिव्या घालताना शेजारी कोण उभं आहे ते बघावं. इथेनॉल नको असेल तर बालाघाटाची हवा आहे. पातळ असते म्हणा. हवा कोर्टात जात नाही.

टोपीला तडा दिसला तर घरच्यांच्या ड्रेसिंग टेबलावरून नेलपॉलिश आणून भरा. ओल्या दिवसात तड्यातून करंट पळतो, त्यावर हा उपाय एक पावसाळा काढतो. लाल रंग घेऊ नका, दुरून दिसतो.

१०. आतून नवं, वरून जुनं

कंटाळा आलाच तर पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवा: कॅमवर चुंबकाचं कडं, बाजूला छोटासा सेन्सर. फट लावायची कटकट नाही, टाच झिजायची भानगड नाही. फक्त शाफ्ट अजून तोच, बुश अजून तोच. त्यामुळे चुंबकही आता तसाच डगडगत फिरतो. वर जुनी ल्युकासची टोपी बसवा, निघालेली लाल वायर काळ्या टेपखाली लपवा आणि रॅलीच्या फॉर्मवर ‘सर्व भाग मूळ’ असं लिहा. परीक्षक टोपी उघडायला लागले तर त्यांना चहाला न्या.

११. म्हाताऱ्या मिस्त्रीचा बंदोबस्त करा

एवढी तपश्चर्या केल्यावर तुमचं नाव होतं. बीड, केज, पाटोद्याहून लोक गाडी घेऊन येतात. तुम्ही मान हलवता, पॉइंट घासता, पत्रिका सरकवता. आणि एखाद्या दिवशी बाजूच्या टपरीवरून एक म्हातारा उठून येतो. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. तो कुणाला काही विचारत नाही. टोपीच्या क्लिपा उघडतो, रोटर दोन बोटांत धरून हलवतो आणि म्हणतो, “बुश खाल्लाय, मालक. पॉइंटाला कामून मारायलात?”

अशा वेळी वाद घालू नका, तो जिंकतो. “मामा, चहा घ्या,” म्हणा. मग विचारा, किती खर्च येईल. तो एवढा कमी आकडा सांगेल, की मालकाचा विश्वास बसणार नाही. गाडीवर इतके पैसे घालवलेल्या माणसाला स्वस्त निदान अपमानासारखं वाटतं. तेवढा वेळ तुम्हाला पुरेसा आहे. मालकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घ्या आणि हळूच सांगा, “जुनी माणसं आहेत, काहीतरी बोलतात.”

म्हाताऱ्याचा फोन नंबर मात्र लिहून घ्या. उद्या तुमची स्वतःची गाडी विकायला काढाल, तेव्हा घेणारा त्याला सोबत आणणार नाही ना, याची आधीच चौकशी करता येते.